हितंच निघालेलं गाव

“विचारलंस? भर रस्त्यात, तोंडावर विचारलंस? बघा रं सगळ्यांनी, ह्यानं मला विचारलं!”

आप्पा असे ओरडत होते की समोरच्या डेअरीत दूध घालायला आलेली माणसं किटल्या हातात तशाच धरून बाहेर आली, आणि तारेवरच्या साळुंक्या ज्या उडाल्या त्या थेट बेळगुंदीच्या शिवारात जाऊन बसल्या असतील. मी थांब्यावर उभा. अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र, हातात टॅबलेट. माझा गुन्हा एवढाच की मी आप्पांना नमस्कार घालून, अगदी आवाजात साखर घालून विचारलं होतं, “आप्पा, कुठं चाललाय?”

वळणावर बस दिसायला लागली होती. आप्पांनी बसकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, डोक्याचा पटका काढून काखेत मारला आणि तरातरा घराकडं निघाले. आता घरी जाऊन घटकाभर बसायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि मग नव्यानं उंबरा ओलांडायचा. त्याशिवाय निघालेलं काम होत नाही. तोवर बस काय आप्पांची वाट बघत थांबणार आहे?

आमच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही. निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून विचारायचं नसतं. फारच पोटात दुखत असेल तर ‘लांब?’ म्हणावं, ‘बाजार काय?’ म्हणावं, नाहीतर ‘जाऊन या’ म्हणून गप्प बसावं. मला आईनं हे मी रांगत होतो तेव्हाच शिकवलं होतं. एकदा मी वडिलांना विचारलं तेव्हा वडील परत आत आले, पाणी प्याले, आणि मग आधी माझ्या पाठीत एक धपाटा घालून बाहेर पडले. ते काम झालंही म्हणे. पण माणसाच्या गळ्यात ओळखपत्र अडकलं की पाठीवरचे धपाटे पुसले जातात. त्याला वाटतं, आता मी माणूस नव्हे, मी सर्वेक्षण आहे, मला हे सगळं लागू नाही.

सर्वेक्षण करणारे आम्ही म्हणजे विद्यापीठातला वाहतूक नियोजनाचा संशोधन गट. नाव ऐकून लग्नाच्या बाजारात वजन वाढतं, काम मात्र असं की चौकात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं आणि दुचाक्या मोजायच्या. कुठली सरळ गेली, कुठली डावीकडं वळली, कुठलीनं हात उजवीकडं दाखवला आणि गेली डावीकडं. बेळगावच्या खासबागेतल्या आमच्या घराजवळच्या कोपऱ्यावर मी एकदा इतका मोजत बसलो की घरी आईनं ताटात भाकरी वाढली तर मी म्हणालो, “एक, डावीकडं.” आई त्या दिवशी दृष्ट काढल्याशिवाय झोपली नाही.

गटाच्या प्रमुख आमच्या मॅडम. म्हैसूरकडच्या, परदेशात शिकून आलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्या माणसाकडं बघायच्या तेव्हा वाटायचं, आपण आता वळणार कुठल्या बाजूला हे त्या ताडत आहेत. आणि माझा जोडीदार होता एक निपाणीचा. तंबाखूच्या व्यापाऱ्याचं जैन घर, घरात कन्नड, बाजारात मराठी, मॅडमसमोर इंग्रजी, आणि संशय तिन्ही भाषांत घ्यायचा. चहावाल्यानं सुटे पैसे बरोबर दिले तरी हा विचार करायचा की ह्यानं बरोबर का दिले असतील.

तर बसच्या कचेरीनं आमच्या गटावर एक काम सोपवलं होतं. पहाटेच्या काही फेऱ्या कमी करायच्या होत्या, आणि कुठल्या करायच्या हे आम्ही शोधून द्यायचं. तिकिटाच्या यंत्राला किती माणसं चढली ते कळतं, पण बायकांना तिकीट माफ झाल्यापासून कचेरीतल्या साहेबांना त्या यंत्राचाही संशय यायला लागला होता. फुकट आहे म्हणून बायका उगाच हिंडतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून माणूस कुठून कुठं जातो, कशासाठी जातो, पुढच्या बसनं गेला तर चालेल का, हे थांब्यावर उभं राहून विचारायचं. ज्या गावाला पहाटेच्या बसची खरी गरज दिसेल त्याची बस राहील, बाकीच्यांची जाईल.

आणि हे गाव मी मागून घेतलं होतं. कारण इथं माझी आक्का नांदते.

आक्का म्हणजे माझी मावसबहीण, आणि ते ओरडत गेलेले आप्पा तिचे सासरे. चाळिशी उलटल्यावर आक्कानं आयुष्यातली पहिली नोकरी धरली होती. बेळगावात मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक. पहिला पगार झाला तेव्हा तिनं सगळ्या भावांना पेढे पाठवले आणि स्वतःला एक मनगटी घड्याळ घेतलं. तिथल्या मेसच्या ठेकेदारानं एकच अट घातली होती: चूल वेळेत पेटली नाही तर दुसरी बाई बघतो. पहाटेची बस असली तर चूल वेळेत पेटते. बस नसली तर वडाप, म्हणजे ती जीप, जी माणसं कोंबून भरल्याशिवाय जागची हलत नाही. म्हणजे बस गेली की आक्काची नोकरी गेली, इतका सरळ हिशेब. आपण जाऊ, चार माणसांना चार प्रश्न विचारू, बहिणीची बस वाचवू, असा माझा बेत.

त्या पहिल्या सकाळी मी बहिणीची बस अशी वाचवली की ती रिकामी गेली. आक्काची त्या दिवशी सुट्टी होती म्हणून बरं. आप्पांच्या मागोमाग ज्याला ज्याला मी विचारलं तो तो घरी पाणी प्यायला परत गेला. रताळ्यांची पोती लावून बसलेले दोघं पोती तिथंच टाकून गेले. पोरगी बघायला निघालेली चार माणसं होती, एकानं तर तोंडाला पावडरसुद्धा लावली होती. मी विचारताच चौघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत माघारी वळले, आणि पुढं ते लग्न जमलं नाही ते माझ्यामुळं, असं अजून सांगतात. गावातल्या टाकीतलं पाणी त्या सकाळी संपलं. ड्रायव्हर बराच वेळ हॉर्न वाजवत बसला, मग मलाच म्हणाला, तू तरी चढ.

आता कुणी म्हणेल, कंडक्टर रोज विचारतोच की कुठं जाणार म्हणून. नाही विचारत. तिथंच तर खुबी आहे. बस थांबायच्या आधीच बायका आधार कार्ड पुढं धरून ‘बेळगाव’ म्हणून मोकळ्या होतात. आपण होऊन सांगायला हरकत नाही, कुणी विचारता कामा नये. जुना कंडक्टर मान खाली घालून तिकीट फाडतो, आणि नवा आला तर गावातले पहिल्याच दिवशी त्याला समजावतात.

दुसऱ्या दिवसापासून गाव सावध झालं. माझं नारिंगी जाकीट लांबून दिसायचं, त्यामुळं माणसं डेअरीच्या मागनं यायची, बसच्या पलीकडच्या बाजूनं चढायची. आणि जी तावडीत सापडायची ती एकच उत्तर द्यायची: “हितंच.”

मेथीच्या पेंढ्यांची बुट्टी डोक्यावर घेतलेली बाई: हितंच. मेथीला वारा लागावा म्हणून आणलीय. हातात एक्सरेचं मोठं पाकीट घेतलेला म्हातारा: हितंच, उभा हाय. कोंबडा काखेत मारलेला एक जण मला म्हणाला, हा कोंबडाच चाललाय, मी त्याला सोडायला आलोय. कोंबडा कुठं चाललाय म्हणून विचारायची माझी छाती झाली नाही.

आणि मग आक्का आली. हातात डबा, मनगटावर घड्याळ, केस ओले. मला हायसं वाटलं. रक्ताचं माणूस आलं. मी हळू आवाजात म्हणालो की आक्का, तुला विचारत नाही, तू आपणहून सांग. तुझं नाव लागत नाही ह्यात, नुसतं सांग.

आक्कानं माझ्या जाकिटावरच्या चमकत्या पट्ट्याकडं बघितलं. माझ्या तोंडाकडं नाही.

“हितंच रं,” ती म्हणाली, आणि बसमध्ये चढून खिडकीजवळ बसली. बस बेळगावकडं निघून गेली.

सख्ख्या मावशीच्या पोरीनं असं तोंडावर खोटं बोलावं ह्यानं मी इतका हबकलो की थांब्याच्या कट्ट्यावर बसलो तो पुढची बस येईपर्यंत बसलो. आणि तिथं बसल्या बसल्या माझ्या कानावर एकेक यायला लागलं. मी रस्त्यासाठी जमिनी मोजायला आलोय. माझ्याकडं ते चाक लावलेलं दांडकं आहे ना, अंतर मोजायचं, ते मी आप्पांच्या बांधावरनं फिरवलं. (ते मी थांब्यापासून डेअरीपर्यंत फिरवलं होतं.) माझा टॅबलेट माणसाच्या तोंडापुढं धरला की त्याच्या जमिनीच्या उताऱ्याचा फोटो निघतो. माझ्या जाकिटाचा रंग आणि रस्त्याच्या खुणेचे दगड रंगवतात तो रंग एकच. एकानं तर मी लहानपणी ह्या गावात यायचो तेही मोजणीसाठीच, असा शोध लावला. सात वर्षांचा असताना मी तिथल्या चिंचा मोजल्या असतील, दुसरं काही नाही.

माझा संशय मात्र एकाच माणसावर होता. वडापवाला. बस गेली तर लाभ कुणाचा? रोज सकाळी तो जीपच्या बॉनेटला टेकून उभा असायचा, तोंडात काडी, आणि माझ्याकडं बघून असा गोड हसायचा की मला दुसऱ्या दिवशी घसा दुखायचा. माझी खात्री पटली. ह्यानंच गावाचे कान भरले.

इकडं विद्यापीठात मॅडमनी नकाशा लावला. आमच्या कामात माणसाच्या प्रत्येक जाण्याची एक रेघ काढतात, जिथून निघाला तिथपासून जिथं पोचला तिथपर्यंत. जोडीदाराच्या वाट्याच्या निपाणीतनं चहूकडं रेघा सुटलेल्या, फुटलेल्या फटाक्यासारख्या. गुंजीच्या रेघा आगगाडीच्या स्टेशनाकडं गोळा झालेल्या. आणि माझं गाव म्हणजे एक टिंब. त्याच्यातनं एकसुद्धा रेघ बाहेर पडत नव्हती. सगळं गाव पहाटे उठून, आंघोळी करून, डबे घेऊन, हितनं हितंच निघालेलं.

मॅडमनी बराच वेळ त्या टिंबाकडं बघितलं आणि मग मला शांतपणे विचारलं की त्या गावात माझी बहीण राहते ना. मी हो म्हणालो. मग तिच्याकडं सकाळची झोप चांगली लागते का, असं त्यांनी विचारलं. म्हणजे मी आक्काच्या घरी पोहे खाऊन झोपतो आणि मनानं ‘हितंच’ भरतो, असं त्यांना वाटत होतं. निपाणीकर शेजारी बसून माझ्याकडं असा बघत होता की त्यालाही तेच वाटत होतं, फक्त तीन भाषांत.

बाहेर टपरीवर मी त्याला धरलं. म्हटलं, तुमच्यात निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारतात का?

“आमच्या आज्जीनं चपलीनं हाणलं असतं,” तो म्हणाला.

मग तू निपाणीत कसं विचारतोस?

तो चहा ढवळत बसला. मग म्हणाला की प्रश्न मुळात इंग्रजीत लिहिलेला होता, त्यामुळं त्याचा अपशकुन लागत नसेल असं त्याला वाटलं. शिवाय तो स्टँडवर बाहेरनं येणाऱ्यांना गाठायचा, निघालेल्यांना नाही. हे त्यानं मुद्दाम केलं होतं का, तर तेही त्याला सांगता येईना.

आम्ही दोघं जीव मुठीत धरून मॅडमकडं गेलो. वाटलं, परदेशात शिकलेल्या बाई, हसतील, नाहीतर हाकलतील. मॅडमनी सगळं ऐकून लॅपटॉप मिटला. मग त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगतो, थोडं वाढवून. त्या परदेशी शिकायला निघाल्या तेव्हा शेजारणीनं फाटकाशी विचारलं, कुठं निघालीस गं. त्यांच्या आईनं टॅक्सी माघारी वळवली, सगळ्या पेट्या उतरवल्या, लेकीला पाटावर बसवून पाणी पाजलं आणि पेट्या परत चढवल्या. विमान जेमतेम मिळालं. आणि त्याच बाईंनी पुढं तो प्रश्न आमच्या टॅबलेटात पहिल्या जागी घातला होता.

म्हणजे तिघांनाही ठाऊक होतं. तिघांच्याही आयांनी शिकवलं होतं. आणि तिघंही गावोगाव जाऊन तेच विचारत होतो.

मॅडमनी ठरवलं, आता संध्याकाळी उभं राहायचं. परत आलेल्या माणसाला ‘कुठनं आलात’ विचारायला काही हरकत नसते, उलट त्याला सांगायचंच असतं. मी तर मनातल्या मनात बस वाचवून पेढे वाटले.

संध्याकाळी बस आली. माणसं उतरली. एकाच्या हातात बेळगावच्या दुकानाची पिशवी, वर दुकानाचा पत्ता छापलेला. मी म्हटलं, या पाव्हणं, कुठनं आलात?

“हितंच होतो की.”

एक्सरेवाला म्हातारा: हितंच. मेथीवाली, बुट्टी रिकामी: हितंच. बेळगावच्या कुंद्याचा डबा छातीशी धरलेला एक जण म्हणाला, हा डबा मला हितंच सापडला. आक्का सगळ्यांच्या शेवटी उतरली, माझ्या अंगावरनं वाऱ्यासारखी गेली.

आता मात्र मी खवळलो. हा शकुन-अपशकुनाचा मामला नव्हता. परत आलेल्या माणसाला कसला आलाय अपशकुन? ह्यांना कुणीतरी पढवलं होतं. सगळ्या गावाला, एकेका घरात जाऊन. मी जाकिटाच्या बाह्या वर सारल्या (जाकिटाला बाह्या नव्हत्या, पण त्या क्षणी होत्या) आणि वडापवाल्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, तुझं पितळ मी उघडं पाडणार. बस बंद करून जीपवर माड्या बांधायच्या आहेत तुला. गावाला खोटं बोलायला शिकवणारा तूच.

त्यानं तोंडातली काडी काढली. पहिल्यांदाच तो हसत नव्हता.

“मला कशाला बोलतोस? मलाबी तसंच सांगितलंय, तोंड मिटून ऱ्हा म्हणून.”

“कुणी?”

“तुझ्या आक्कानं. कुणी म्हंजे काय?”

मी आक्काच्या घराकडं निघालो तो कसा पोचलो मला माहीत नाही. रस्त्यात मला कुणी कुठं चाललास म्हणून विचारलं असतं तर मीही हितंच म्हणालो असतो. आप्पा सोप्यात बसले होते. मला बघून त्यांनी पटका घट्ट केला. आक्का चुलीपुढं. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरींसाठी चपात्या लाटून आलेली, आता घरच्यांसाठी भाकरी थापत होती.

मी तिला सरळ सांगितलं की मला वडापवाल्यानं सगळं सांगितलंय. ती दचकलीसुद्धा नाही. भाकरी उलटली आणि सांगायला लागली.

तिचं माहेर खानापूरकडं. ती लग्नाची व्हायची होती तेव्हा त्यांच्या गावात अशीच दोन माणसं आली होती. असलीच जाकिटं घातलेली. कोण कुठं जातं, कशाला जातं, कितीला परत येतं, सगळं विचारून गेली. माणसं भोळी. त्यांनी परत परत बोलावून सांगितलं, चहा पाजून सांगितलं. तिच्या वडिलांनी तर दुपारच्या बसनं आपण कुठं कुठं जातो ते बोटांवर मोजून दाखवलं. आणि पुढं थोड्याच दिवसांत बरोब्बर तीच दुपारची बस बंद झाली.

“कुठं जातोय ते त्यास्नी कळलं, की तेवढंच बरोबर काढून घेत्यात,” आक्का म्हणाली. “म्हणून म्या घरोघर जाऊन सांगितलं, कोण जाकीटवाला आला तर हितंच म्हणायचं. मग काय काढून घेशील तू?”

मी टॅबलेट काढला, नकाशा उघडला आणि तिच्यापुढं धरला. हे निपाणी. ह्या सगळ्या रेघा म्हणजे निपाणीची माणसं. हे गुंजी. आणि हे टिंब दिसतंय ते आपलं गाव.

पिठाचा हात पदराला पुसून ती जवळ सरकली. “ह्यात मी कुठाय?”

“तू हितंच हाईस.”

“रोज जातीय की मी.”

“बसच्या कचेरीच्या हिशेबात जात न्हाईस. तिथं तुझं गावच घरात बसलंय. मग घरात बसलेल्या गावाला पहाटेची बस कशाला?”

तव्यावरची भाकरी करपायला लागली. आप्पांनी सोप्यातनं हाक मारली की काहीतरी जळतंय. आक्का त्या टिंबाकडं बघत राहिली. तिनं बोटानं ते टिंब पुसून बघितलं, नकाशा सरकला, टिंब तसंच राहिलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी ह्याआधी एकदाच पाहिलं होतं, मावशीला दवाखान्यात नेलं तेव्हा. सबंध गावाला एका रांगेत उभं करून तिनं आपल्या हातानं आपली बस पुसत आणली होती.

“विचार,” ती म्हणाली.

मी म्हटलं, काय?

“माझी आंघोळ झाली, चूल पेटली, आता मी कुठंबी निघाली न्हाई. विचार की काय विचारायचंय ते.”

मी विचारलं. आणि तिनं सांगितलं. वसतिगृह, तिथला गॅस, ठेकेदाराचं तोंड, मुलींना सांबार पातळ लागतं आणि त्याला घट्ट परवडत नाही, सगळं. आप्पा आत येऊन उभे राहिले. आपली सून रोज कुठं जाते ते त्यांना माहीत होतं, पण तिथं ती नेमकं काय करते हे ते बहुतेक पहिल्यांदाच ऐकत होते. शेवटी ते म्हणाले की मग मलाबी विचार. मला बँकेत जायचं हुतं त्या दिवशी, तुझ्यामुळं ऱ्हायलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बस आली तेव्हा आक्का सगळ्यांत आधी उतरली. पायरीवर उभी राहूनच तिनं खणखणीत आवाजात सांगितलं की मी बेळगावला गेलते, कामाला गेलते, आणि पहाटेच्या बसशिवाय मला जमत न्हाई. मागच्यांना वाट मिळेना. तिच्या मागनं जे सुरू झालं त्याला पूर म्हणायचं की आणखी काय. मेथीवाली बोलली, एक्सरेवाल्या म्हाताऱ्यानं पाकीट उघडून एक्सरे उन्हाला धरून दाखवला, कोंबडेवाल्यानं कोंबडा कुणी घेतला ते त्याच्या खानदानासकट सांगितलं. पोरगी बघायला निघालेल्यांनी त्या दिवशी कुठं निघालो होतो ते आता सांगितलं, मुलीच्या मामाचं नावसुद्धा. टॅबलेट तापून माझ्या हाताला चटका बसला. निपाणीकर मदतीला आला होता, त्याला एका बाईनं आपल्या गुडघ्याचा सगळा इतिहास कन्नडमध्ये सांगितला, आणि तो म्हणतो, त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. असं तो पहिल्यांदाच म्हणाला.

मॅडमच्या नकाशावर त्या टिंबातनं रेघा अशा सुटल्या की शेजारचं गाव झाकलं गेलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं आणि एवढंच विचारलं की आता बहिणीकडं झोप लागते का. मी म्हटलं, नाही मॅडम, आता तिथं कुणी झोपूच देत नाही.

पहाटेची बस राहिली. ती आमच्या नकाशानं राहिली असं मी सांगतो. आप्पा सांगतात, मी पहिल्या दिवशी ओरडलो म्हणून राहिली. वडापवाला सांगतो, त्यानं तोंड उघडलं म्हणून. निपाणीकराला संशय आहे की बसच्या कचेरीनं नकाशा उघडलाच नसावा. मला विचाराल तर त्याचंच खरं असेल, पण हे मी आक्काला कधी सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडं गेलो होतो, जाकीट घरी ठेवून. आक्का सोप्यात बसून उकडलेली रताळी सोलत होती. मनगटावर घड्याळ तेच, पट्टा नवा. माझ्या मनात एक गोष्ट कधीपासून खुपत होती. मी म्हटलं, आक्का, गावाला सगळ्याला सांगितलंस. वडापवाल्याला सांगितलंस, ज्याची जीप भरली की तुझी नोकरी जाते, त्याला सांगितलंस. मी तुझा भाऊ, मी तुझीच बस वाचवायला आलतो. मला एक शब्द का न्हाई सांगितलास?

तिनं रताळ्याचं साल काढून बाजूला ठेवलं आणि अर्धं रताळं माझ्या हातात दिलं.

“जाकीट घालून आलतास की तू.”